दोन चाकांचा संसार

लग्नाच्या मांडवात आशीर्वादाचे चार शब्द बोलायला उभ्या राहिलेल्या वडीलधाऱ्या गृहस्थांना एक उपमा हमखास आठवते. पती आणि पत्नी ही संसाररथाची दोन चाके आहेत, असे ते सांगतात, आणि मंडळी पंगतीकडे डोळा ठेवून माना डोलावतात. या उपमेत रथ तरी असतो, नाहीतर बैलगाडी. दोन्ही चाके शेजारी शेजारी, सारख्या उंचीची, एकाच आसाला जोडलेली. आता रथ आपल्यापैकी कुणी पाहिलेला नाही आणि बैलगाडीत बसण्याचा योग शहरातल्या वधूवरांना येत नाही. मला विचाराल तर दोन चाकांची उपमा द्यायचीच असेल तर ती सायकलची द्यावी. तिची चाके एकामागे एक असतात. पुढचे दिशा ठरवते, मागचे भार वाहते आणि गाडी पुढे ढकलते. यांतले कोणते चाक कोण, हे ज्याने त्याने आपापल्या घरी पाहून ठरवावे. शिवाय रथ थांबला तरी पडत नाही. सायकल थांबली की पाय टेकावा लागतो, चालू असते तोवरच ती तोल राखते. संसाराला याहून जवळची उपमा मला माहीत नाही.

हा सारा विचार करण्याचे कारण असे, की यंदाच्या उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या घरात सायकलवरून एक छोटीशी परिषद भरली होती. लेक दहावी झाली. कॉलेज घरापासून सहा किलोमीटरवर. मध्ये कर्वे रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्यावरून २०२२ पासून धावणारी मेट्रो, आणि या सगळ्याच्या पायाशी मोटारी, बस, रिक्षा आणि दुचाक्यांचा महापूर. जेवताना कन्येने जाहीर केले, “आई, मी सायकलने जाणार.” यजमानांच्या हातातला घास हातातच राहिला. “त्या रस्त्याने? मुळीच नाही. बसने जा. अठरा पूर्ण झाली की स्कूटर घेऊ.” माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना ऐकू जरा कमी येते, पण सायकल हा शब्द त्यांना बरोबर ऐकू आला. ते म्हणाले, “जाऊ दे तिला. पण पंक्चर काढता आलं पाहिजे.”

यजमानांची भीती खोटी नव्हती. ती माझ्याही पोटात होतीच. रोज सकाळी पेपर उघडणाऱ्या कोणत्या आईच्या पोटात ती नसेल? पण सोळा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या पायांवर, अक्षरशः स्वतःच्या पायांवर, कॉलेजात जायचे म्हटल्यावर तिला ‘नाही’ म्हणताना जीभ अडखळते. शेवटी तोड निघाली. वर्ग सुरू व्हायला महिना होता. त्या महिन्यात तिघांनीही आपल्याला जे येते ते तिला शिकवायचे, आणि मग ठरवायचे. अप्पांकडे सायकलचे यंत्रशास्त्र. माझ्याकडे कपडे, पाऊस, कुलूप वगैरे किरकोळ खाती. आणि यजमान मोटार चालवतात म्हणून त्यांच्याकडे रस्ता.

शिकवायला बसल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या गोष्टी आम्हांला कुणी शिकवल्याच नव्हत्या. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. अप्पांच्या तरुणपणी घरातला कर्ता पुरुष कचेरीत सायकलने जाई, मुलगी शाळेत सायकलने जाई आणि दूधवालाही सायकलनेच येई. सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असे. अंधार पडल्यावर दिवा नसला किंवा कुणाला डबलसीट घेतले, की चौकात पोलीस हात आडवा करी. गल्लीच्या तोंडाशी तासावर सायकली देणारे दुकान असे. आम्ही मुले तिथून सायकल आणून नळीखालून पाय घालून, अर्धे अर्धे पायंडल मारत शिकलो. गुडघे फुटले, पण हवा कशी पाहायची आणि चेन कशी चढवायची हे पाहून पाहून आले. मग १९७२ साली लूना आली, स्कूटरी वाढल्या, मोटरसायकली आल्या. तासावर सायकली देणारी दुकाने एकेक करून गेली आणि त्यांच्याबरोबर ते पाहून पाहून येणे गेले. आजच्या मुलांना सायकल मिळते ती चकचकीत, एकवीस गिअरची. पण तिची हवा गेली की ती जिन्याखाली जाते आणि तिथेच तिच्यावर जुन्या रद्दीचा ढीग चढतो. म्हणून आमच्या घरच्या त्या महिन्याच्या शिकवणीत जे निघाले, ते इथे लिहून ठेवते. तुमच्याही जिन्याखाली एक सायकल असेलच.

अप्पांचा पहिला पाठ हवेचा. “सायकलचे निम्मे आजार हवेचे,” असे ते म्हणतात, आणि ते खरे आहे. हवा कमी असली की पायाला ओझे होते, टायर लवकर झिजतो, आणि खड्ड्यात चाक आपटले की ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटून तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. अशी जोडभोके दिसली की समजावे, खिळ्याचा दोष नाही, हवा कमी होती. रोज निघताना दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहावेत. अंगठा सहज आत जातो आहे असे वाटले तर पंप काढावा. हवा किती मावते याचा आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो, तो एकदा चष्मा लावून वाचून ठेवावा. आपले वजन बहुतेक मागच्या चाकावर पडते, म्हणून मागे थोडी जास्त हवा भरावी. पेट्रोल पंपावरच्या यंत्राने भरायची वेळ आली तर थोडी थोडी भरावी. ते यंत्र मोटारीच्या टायरसाठी असते, सायकलची एवढीशी ट्यूब त्याच्या एका फुंकरीने फुटू शकते. जुन्या धाटणीच्या सायकलला व्हॉल्व्हच्या आत एक बारीक रबरी नळी असते. ती वाळून तडकली की हवा हळूहळू जाते आणि आपण उगाच पंक्चर शोधत बसतो. व्हॉल्व्हच्या तोंडावर बोटाने थुंकी लावून पाहावी. बुडबुडा आला तर दोष तिथेच आहे. कन्येने यावर ‘शी!’ म्हटले. अप्पांनी ते ऐकू आले नाही असे दाखवले.

हवेवरून आठवले. ही हवेची रबरी धाव ज्याने रूढ केली तो डनलॉप हा कारखानदार नव्हता, बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर होता. आपल्या मुलाच्या तीनचाकीला दगडी रस्त्यावर धक्के बसतात, ते कमी व्हावेत म्हणून त्याने तो खटाटोप केला आणि १८८८ साली पेटंट घेतले. त्याच वर्षी इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. किर्लोस्करांच्या मोठमोठ्या कारखान्यांची सुरुवात त्या दुकानात आहे. मला यातली पहिली गोष्ट फार आवडते. जगातल्या साऱ्या टायरांच्या मुळाशी एका बापाची काळजी आहे.

मग पंक्चर. मागच्या अंगणात घमेले, पाणी, पॉलिश पेपर, सोल्युशनची ट्यूब, जुन्या ट्यूबची कात्रण आणि स्वयंपाकघरातले माझे दोन चमचे, अशी मांडामांड झाली. टायर रिमवरून उचकटायला चमच्याचा दांडा चांगला. स्क्रू-ड्रायव्हर वापरला तर एक पंक्चर काढताना दुसरे होते. ट्यूब बाहेर काढून तिच्यात हवा भरायची आणि पाण्यात बुडवून बुडबुडे पाहायचे, हे सर्वांना ठाऊक असते. पण रस्त्यात घमेले कुठून आणणार? तर ट्यूब हळूहळू गालाजवळून किंवा ओठांजवळून फिरवायची. बोटांना कळत नाही इतकी बारीक फुंकर गालाला कळते. अप्पांना आता बुडबुडे नीट दिसत नाहीत. त्यांनी डोळे मिटून ट्यूब गालाजवळ धरली आणि दोन वितींवर थांबून म्हणाले, “इथं.” तिथेच होते. कन्या पाहतच राहिली. ‘शी’ म्हणायची ती त्यानंतर थांबली.

भोक सापडले की त्याच्याभोवती बॉलपेनने खूण करावी, जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घासावी आणि सोल्युशन लावावे. इथे शंभरातले नव्वद लोक घाई करतात आणि ओल्या सोल्युशनवर तुकडा दाबतात. सोल्युशनची चमक जाईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटे, थांबायचे. तेवढा वेळ वाया जाऊ नये म्हणून टायरच्या आतल्या बाजूने फडके फिरवावे. ज्या काट्याने किंवा काचेने घात केला, ती अजून तिथेच दबा धरून असते. फडके अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नये, बोटालाच पंक्चर व्हायचे. टायर कापला गेला असेल तर आतून जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवला तरी घरापर्यंत निभावते. तुकडा चिकटला की त्यावर खडूची भुकटी चोळावी, म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही. खडूचा एवढा व्यवहारी उपयोग मी इतकी वर्षे शिकवताना पाहिला नव्हता.

तिसरा पाठ तेलाचा. आपल्याकडे तेल म्हटले की लोकांचा हात सैल सुटतो. चेनवर बदाबदा तेल ओतले की त्यावर रस्त्यातली सगळी धूळ येऊन बसते, तिचा काळा लगदा होतो आणि चेन व दाते दोन्ही झिजतात. प्रत्येक कडीवर एकेक थेंब सोडावा, पायंडल उलटे फिरवून ते मुरू द्यावे आणि मग कोरड्या फडक्याने वरचे तेल पुसून टाकावे. तेल कड्यांच्या आत हवे, बाहेर नको. खोबरेल किंवा गोडेतेल वापरू नये, ते काही दिवसांनी चिकट होते. आणि तेलाचा थेंब रिमवर किंवा ब्रेकच्या रबरावर उडू देऊ नये, नाहीतर ब्रेक दाबाल आणि सायकल शांतपणे पुढे निघून जाईल. साध्या सायकलची चेन मधोमध बोटाने दाबली तर अर्धा-पाऊण इंच हलावी. जास्त सैल असली तर ती नेमकी चौकात उतरते.

उतरलेली चेन चढवायची रीतही सोपी आहे. सायकल स्टँडवर घेऊन मागचे चाक उचललेले राहील असे पाहावे. आधी चेन मागच्या दात्यांवर बसवावी, मग पुढच्या मोठ्या चक्राच्या वरच्या दात्यांवर टेकवावी आणि पायंडल हाताने सावकाश पुढे फिरवावे. चेन आपली आपण जागेवर जाते. धरायला झाडाचे जाड पान किंवा कागद घ्यावा आणि बोटे दात्यांपासून दूर ठेवावीत. एवढे करून हात काळे झालेच तर रस्त्याकडेची कोरडी माती हातावर चोळावी. ती तेल शोषून घेते. नंतर पाण्याने धुतले की हात कॉलेजात नेण्याइतके स्वच्छ होतात.

आता माझे खाते. पहिली गोष्ट सीटची. आपल्याकडे बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात. दोन्ही पाय जमिनीला पुरे टेकले की त्यांना धीर वाटतो, आणि मग वर्षभराने गुडघे कुरकुरतात. सीटवर बसून टाच पायंडलवर ठेवावी. पायंडल सगळ्यांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना चवडा पायंडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात जेवढा हवा तेवढाच बाक राहतो. ही एक युक्ती केली तर सहा किलोमीटरचे चार वाटतात.

कपड्यांचे म्हणाल, तर पँटचा उजवा पाय मोज्यात खोचावा किंवा त्याला क्लिप लावावी. ओढणी दोन्ही टोके मागे घेऊन पाठीवर गाठ मारावी, ती अर्धवट खांद्यावर टाकून कधीही निघू नये. मागच्या चाकात गेलेली ओढणी गळ्याशी येते, हे सांगताना मी आवाज मुद्दाम चढवला. दप्तर हँडलला टांगू नये. वळताना ते आपल्याला त्याच्या मनाप्रमाणे वळवते. कॅरिअरवर दोरी आवळून बांधावे आणि दोरीचे टोक लोंबत ठेवू नये. हाच नियम दसऱ्याच्या हाराला. झेंडू उतरले तरी दोरा तसाच हँडलवर राहतो आणि चाकात जातो. हेल्मेट घालायचे ते कपाळ झाकून, भुवयांच्या वर दोन बोटे, आणि पट्टा लावून. डोक्यामागे कलंडलेले हेल्मेट हा नुसता दागिना आहे. कानात गाण्याच्या बोंड्या घालून सायकल चालवायची नाही, हे कलम मात्र तिला पटवून द्यावे लागले. सायकलवाल्याला मागे डोळे नसतात, त्याचे मागचे डोळे म्हणजे कान.

पावसाचे शास्त्र वेगळे. पहिल्या सरीने रस्त्यावरचे साठलेले तेल वर येते, तो रस्ता कित्येक दिवस भिजलेल्या रस्त्यापेक्षा निसरडा असतो. पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि ओली पाने यांवर वळू नये, ब्रेकही दाबू नये, सरळ निघून जावे. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. म्हणून चौक येण्याआधीच ब्रेक हलकेच दाबून रिम पुसून घ्यावी. दोन्ही ब्रेक एकदम वापरावेत. गाडी खरी थांबवतो तो पुढचा ब्रेक, पण तो एकटाच करकचून दाबला तर गाडी थांबते आणि आपण पुढे जातो. वाळूवर आणि वळणावर त्याला विश्रांती द्यावी. डबके दिसले तर ते डबके नसून खड्डा आहे असे धरून चालावे. पुण्यात हा अंदाज सहसा चुकत नाही. आणि सीटवर घालायला एक प्लास्टिकची पिशवी नेहमी सीटखाली कोंबून ठेवावी. ओल्या सीटवर बसून आलेल्या विद्यार्थ्याचे लक्ष तासभर माझ्या व्याख्यानाकडे नसते, हा अनुभव आहे.

कुलूप चाकाला लावले तर चाक फिरत नाही, पण सायकल उचलून नेता येते. साखळी चाकातून, सायकलच्या सांगाड्यातून आणि खांबातून अशी तिन्हींतून न्यावी. सायकलच्या सांगाड्यावर, बहुधा पायंडलच्या धुरीखाली किंवा सीटच्या नळीवर, एक नंबर ठोकलेला असतो, तो वहीत लिहून ठेवावा. अप्पांची आणखी एक जुनी हिकमत आहे. सीट काढून खालच्या नळीत आपले नाव लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाकायची. चोराने रंग बदलला, घंटा बदलली, तरी नळीतली चिठ्ठी त्याला ठाऊक नसते. कन्येने चिठ्ठीत काय लिहिले ते आम्हांला दाखवले नाही.

एवढे झाल्यावर यजमानांची पाळी आली. त्यांचा पाठ रस्त्यावर होता. रविवारी सकाळी सहाला, रस्ते रिकामे असताना, ते कॉलेजपर्यंत तिच्याबरोबर गेले. बरोबर म्हणजे, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या सायकलवर. वीस वर्षांनी टांग मारताना पाहून सोसायटीच्या रखवालदाराने दोन पावले पुढे येऊन हात धरायची तयारी ठेवली होती, पण तशी वेळ आली नाही. चालवायची आठवण पायांत राहते म्हणतात, ते खरे.

आठवड्याने दोघे गर्दीच्या वेळीही जाऊन आले. परत आल्यावर यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कागद घेतला आणि मोटारीत बसून जे दिसते आणि जे दिसत नाही ते लिहून काढले. ती यादी आमच्या फ्रिजवर अजून लावलेली आहे. तिचा सारांश असा. बस किंवा ट्रक वळायच्या बेतात असेल तर तिच्या डाव्या अंगाला कधीही घुसू नये. चालकाला ती बाजू दिसत नाही. त्याच्या आरशात त्याचे तोंड तुला दिसत नसेल, तर त्याला तू दिसत नाहीस. बस आणि फुटपाथ यांच्या मधल्या फटीत तर जायचेच नाही. मोटार वळणार की नाही हे तिच्या दिव्यावरून ओळखू नये, पुढच्या चाकावरून ओळखावे. दिवा विसरतो, चाक खोटे बोलत नाही. फुटपाथवर कुणी हात वर केला असेल तर रिक्षावाला तुझ्या पुढ्यात डावीकडे येणार, हे रिक्षावाल्याच्या आधी तुला कळले पाहिजे. उभ्या मोटारींपासून हातभर अंतर ठेव, कारण त्यांचे दार कधीही उघडते. रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून, गटारांच्या झाकणांतून नागमोडी जाऊ नकोस. सरळ रेषेत जा, म्हणजे मागच्याला तुझा अंदाज येतो. वळायच्या आधी मागे पाहा, हात दाखव, मग वळ. संध्याकाळी पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. तो आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नाही, आपण लोकांना दिसावे म्हणून. घंटा दुरून वाजव. अगदी पाठीशी येऊन वाजवलेली घंटा माणसाला दचकवते, आणि दचकलेला माणूस नेमका आपल्यापुढेच उडी मारतो.

मी ती यादी वाचली आणि माझ्या मनात एक विचार आला. अप्पांच्या युक्त्यांनी सायकल सांभाळता येते. माझ्या युक्त्यांनी कपडे आणि गुडघे सांभाळता येतात. पण यजमानांच्या यादीतले प्रत्येक कलम म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी गैरसावधपणावर आमच्या सोळा वर्षांच्या मुलीने काढलेला उपाय होता. दार कुणीतरी न बघता उघडणार, म्हणून हातभर अंतर तिने ठेवायचे. दिवा कुणीतरी विसरणार, म्हणून चाक तिने वाचायचे. तिने हे सारे चोख केले तरी तिच्या सुरक्षिततेचा एक मोठा वाटा तिच्या हातात राहत नाही. तो मोटारीत बसलेल्यांच्या हातात राहतो. म्हणजे आपल्या.

हॉलंडचे नाव आपण सायकलींसाठी ऐकतो. तिथे सायकली परंपरेने चालल्या आहेत आणि चालतच राहिल्या, असा आपला समज असतो. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींनी सायकलींना रस्त्याबाहेर लोटत नेले होते. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांना मारणे थांबवा म्हणून चळवळ उभी राहिली, आणि त्यानंतर तिथले रस्ते हळूहळू बदलत गेले. सायकलवाल्यांनी अधिक युक्त्या शिकून हे घडले नाही. इकडे आपल्या पुण्यात २०१७ च्या सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली मोठ्या थाटाने आल्या आणि दोन-चार वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकली आणणे सोपे असते. त्यांना जागा करून देणे अवघड.

त्याच हॉलंडची एक साधी सवय मात्र आपल्याला उद्यापासून उचलता येईल, तिला पालिकेचा ठराव लागत नाही. मोटारीचे दार जवळच्या हाताने उघडायचे नाही, पलीकडच्या हाताने उघडायचे. चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडावे. डावीकडे बसलेल्याने डावे दार उजव्या हाताने उघडावे. एवढे केले की अंग आपोआप वळते, मान मागे जाते, आणि मागून येणारी सायकल दिसते. करून पाहा. न पाहता दार उघडणे अशक्य होते. याच्याच जोडीला आणखी दोन-तीन गोष्टी. सायकलला ओलांडताना तिच्या आणि आपल्यामध्ये चांगले चार-पाच फूट अंतर ठेवावे, तेवढी जागा नसेल तर क्षणभर मागे थांबावे. तिला ओलांडून लगेच डावीकडे वळू नये. अगदी मागे जाऊन कर्कश हॉर्न देऊ नये. सायकलसाठी आखलेल्या पट्ट्यात ‘दोनच मिनिटे’ म्हणून गाडी लावू नये. ती दोन मिनिटे सायकलवाल्याला भर रस्त्यात ढकलतात.

आमच्या परिषदेचा निकाल काय लागला, हे सांगायचे राहिलेच. अप्पांनी परीक्षा घेतली. कन्येने पस्तीस मिनिटांत मागच्या चाकाचे पंक्चर काढले. अप्पांच्या मते हा वेळ फार होता, पण पास केले. यजमान म्हणाले, “आठवडाभर जा, मग बघू.” त्या आठवड्याला आता तीन महिने होऊन गेले आहेत. ती रोज जाते. पहिल्या पावसात एकदा गुडघा खरचटून आली, एकदा काळे हात घेऊन आली. एकदा मैत्रिणीची उतरलेली चेन चढवून उशिरा आली आणि त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जो रुबाब होता तो दहावीच्या निकालालाही नव्हता. काळजी गेली का? नाही. पावणेसात वाजले की माझे कान जिन्याकडे लागतात आणि यजमान उगीचच गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालतात. दोनदा पाणी घातलेली झाडे कुजायला लागली आहेत. पण परवा ते मोटारीतून उतरताना मी पाहिले. डावा हात छातीवरून पलीकडे नेला, मान वळवून मागे पाहिले, आणि मग दार उघडले. त्यांना तसे करायला कुणी सांगितले नव्हते.

तेव्हा या दिवाळीत साफसफाई करताना जिन्याखालच्या सायकलवरची रद्दी काढा. अभ्यंगस्नान आटोपले की थोडे तेल, अर्थात उटण्याबरोबरचे नव्हे, तिच्याही कड्यांना लावा. टायर अंगठ्याने दाबून पाहा. घरातल्या लेकराला घमेले आणि दोन चमचे देऊन अंगणात बसवा. आणि फराळाला निघताना मोटारीतून उतराल, तेव्हा दार पलीकडच्या हाताने उघडा. मागून कुणाची तरी लेक येत असेल.